आतड्यांचा दाह आणि रक्त गाळण्याची उपचारपद्धती



सोलापूर जिल्ह्यात आव पडणे ही तक्रार कोणासही नवी नाही. पावसाळ्यात गढूळ पाणी पोटात गेले, यात्रेच्या गर्दीत उघड्यावरचे खाणे झाले, म्हणजे चार दिवस पोट बिघडावे आणि औषधाच्या गोळ्यांनी बरे व्हावे, हा अनुभव घरोघरचा आहे. याच परिचयामुळे एक अनर्थ घडतो. ज्या रुग्णाच्या शौचावाटे महिनोन्‌महिने रक्त व आव पडत राहते, त्याच्या दुखण्याकडेही घरची मंडळी त्याच दृष्टीने पाहतात. कोणी त्यास उष्णता म्हणतो, कोणी मूळव्याध म्हणतो, कोणी जुनी संग्रहणी म्हणतो. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या जातात. थोडा उतार पडतो. पुन्हा तेच सुरू होते. रुग्ण बहुधा तरुण असतो. यंत्रमागावरील पाळी त्याला पूर्ण करवत नाही, एस. टी. चा प्रवास त्याला भीतिदायक वाटतो, आणि लाजेपोटी तो हे कोणाजवळ बोलतही नाही. अशा रुग्णांपैकी काहींचा रोग जंतूंमुळे झालेलाच नसतो. त्यांच्या स्वतःच्या रक्तातील संरक्षक पेशी त्यांच्याच आतड्यावर चालून आलेल्या असतात.

या रोगाचे स्वरूप काय, त्यावरील औषधांची वाटचाल कशी झाली, आणि रक्त शरीराबाहेर काढून, गाळून, परत शरीरात सोडण्याच्या ज्या पद्धतीविषयी अलीकडे कुतूहल निर्माण झाले आहे तिचा खरा उपयोग किती, याचा विचार प्रस्तुत भाषणात करावयाचा आहे.

रोगाचे स्वरूप

आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे मुख्य प्रकार २ आहेत. पहिल्यास वैद्यकात अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह, असे म्हणतात. हा दाह गुदाशयापासून सुरू होऊन अखंडपणे वर चढत जातो आणि तो आतड्याच्या आतील अस्तरापुरता मर्यादित असतो. दुसरा प्रकार क्रोन्स व्याधीचा होय. न्यू यॉर्क येथील माउंट सायनाय रुग्णालयातील डॉ. बरिल क्रोन व त्यांचे सहकारी यांनी १९३२ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून तिला हे नाव मिळाले. ही व्याधी तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकते. मात्र लहान आतडे व मोठे आतडे जेथे मिळतात तो भाग तिला विशेष प्रिय आहे. ती आतड्याच्या भिंतीत खोलवर जाते, त्यामुळे आतडे अरुंद होणे, भगंदर होणे असे उपद्रव संभवतात.

दोन्ही प्रकारांत मूळ दोष प्रतिकारशक्तीच्या वर्तनात असतो. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू नांदत असतात आणि निरोगी शरीर त्यांच्याशी जमवून घेते. अनुवंशिकता, आहार, परिसर अशा अनेक कारणांच्या संयोगाने काही व्यक्तींमध्ये ही जुळणी बिघडते. मग रक्तातील पांढऱ्या पेशी, विशेषतः ग्रॅन्युलोसाइट व मोनोसाइट या जातींच्या पेशी, मोठ्या संख्येने आतड्याच्या अस्तरात शिरतात. जंतूंना मारण्यासाठी असलेली दाहक रसायने त्या तेथे ओततात आणि अस्तर सोलवटून निघते. या रोगाचे एक वैशिष्ट्य असे की तो काही काळ शांत राहतो व पुन्हा उसळतो. त्यामुळे बरे वाटले म्हणजे रोग गेला, असा समज करून घेणे धोक्याचे ठरते.

हा रोग केवळ थंड हवेच्या श्रीमंत देशांत होतो, भारतात नाही, असे एकेकाळी मानले जात असे. पंजाबातील लुधियाना येथे ५१,९१० व्यक्तींची पाहणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४४ व्यक्तींना व्रणयुक्त दाह असल्याचे दिसून आले. सोलापूरचा आहार व हवामान पंजाबाहून भिन्न आहे, म्हणून तोच आकडा येथे जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि हा रोग आपल्याकडे नाही, असे मानण्यास मात्र आता जागा उरलेली नाही.

निदानातील दोन चकवे

महाराष्ट्रात या रोगाचे निदान करताना डॉक्टरांना दोन चकव्यांतून वाट काढावी लागते. पहिला चकवा अमीबाजन्य आमांशाचा. त्यातही आव व रक्त पडते. शौचाची तपासणी न करता अमीबावरील औषध पुन्हा पुन्हा देत राहिले, तर खरा रोग दडून राहतो. याउलट, अमीबा असताना त्यास प्रतिकारशक्तीचा रोग समजून स्टेरॉइड दिले, तर आतड्यास छिद्र पडण्यापर्यंत मजल जाते. म्हणून शौचाची तपासणी ही साधी व स्वस्त पायरी कधीही गाळता कामा नये.

दुसरा चकवा क्षयरोगाचा आहे आणि तो अधिक कठीण होय. आतड्याचा क्षय बहुधा त्याच ठिकाणी होतो, जे ठिकाण क्रोन्स व्याधीस प्रिय आहे. ताप, वजन घटणे, पोटात कळा, आतडे अरुंद होणे ही लक्षणे दोहोंतही आढळतात. दुर्बीण घालून पाहिले तरी, आणि आतड्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला तरी, कधीकधी निर्णय होत नाही. अशा वेळी अनेक तज्ज्ञ प्रथम क्षयावरील औषधे देऊन रुग्णास गुण येतो की नाही हे पाहतात. क्षयरोगावरील औषधे शासकीय यंत्रणेमार्फत विनामूल्य मिळतात. क्षयाच्या रुग्णास चुकून प्रतिकारशक्ती दडपणारे औषध दिले गेले, तर क्षय शरीरभर पसरू शकतो. आणि क्रोन्सच्या रुग्णास केवळ क्षयाची औषधे देत राहिले, तर आतडे निकामी होत जाते. रक्त गाळण्याच्या उपचाराविषयी आपल्या देशात कुतूहल का निर्माण व्हावे, याचे एक कारण या कोंडीत दडलेले आहे.

औषधांची वाटचाल

या रोगावरील पहिले परिणामकारक औषध स्वीडनमध्ये निघाले. स्टॉकहोम येथील डॉ. नाना स्वार्ट्‌झ या विदुषींनी १९४० च्या सुमारास सांधेदुखीसाठी सल्फासालाझीन हे औषध पुढे आणले. त्याचा उपयोग मोठ्या आतड्याच्या दाहावरही होतो, असे त्यांना दिसून आले. त्याच औषधातील गुणकारी भाग वेगळा काढून मेसालामीन तयार झाले. सौम्य व मध्यम रोगात आजही हाच उपचाराचा पाया आहे.

दुसरा टप्पा कॉर्टिझोनचा. इंग्लंडमधील डॉ. सिडने ट्रूलव्ह व डॉ. लेस्ली विट्स यांनी १९५५ मध्ये एका शिस्तबद्ध चाचणीचा अहवाल प्रसिद्ध केला. कॉर्टिझोन दिलेल्या रुग्णांपैकी शेकडा ४१ जणांचा रोग शमला. ज्यांना ते दिले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण शेकडा १६ होते. तीव्र उसळी आटोक्यात आणण्यासाठी स्टेरॉइडे हे प्रभावी शस्त्र ठरले आणि असंख्य प्राण वाचले. परंतु हे शस्त्र दुधारी आहे. दीर्घकाळ घेतल्यास चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते, मोतीबिंदू होतो, जंतुसंसर्ग बळावतो. काही रुग्णांची अवस्था अशी होते की गोळी चालू असेतो बरे, आणि मात्रा कमी केली की रोग पुन्हा डोके वर काढतो. वैद्यकीय परिभाषेत यास स्टेरॉइडवरील अवलंबित्व म्हणतात. रक्त गाळण्याची पद्धत मुख्यतः याच रुग्णांना डोळ्यांपुढे ठेवून विकसित झाली.

तिसरा टप्पा जैविक औषधांचा. इन्फ्लिक्सिमॅब या इंजेक्शनास अमेरिकेत क्रोन्स व्याधीसाठी १९९८ मध्ये व व्रणयुक्त दाहासाठी २००५ मध्ये मान्यता मिळाली. दाह पेटवणाऱ्या एका विशिष्ट रसायनास ते निष्प्रभ करते. परंतु तेच रसायन क्षयाच्या जंतूंना शरीरात कोंडून ठेवण्याचे कामही करीत असते. त्यामुळे सुप्त क्षय जागा होण्याचा धोका या औषधाने वाढतो, हे २००१ मध्येच लक्षात आले. क्षयाची तपासणी केल्याविना असे इंजेक्शन घेऊ नये, हा नियम आपल्याकडे दुप्पट कसोशीने पाळला पाहिजे.

रक्त गाळण्याची कल्पना

रक्तातील दोष बाहेर काढावा, ही कल्पना भारतास अपरिचित नाही. सुश्रुतसंहितेत जळवा लावून रक्त काढण्याच्या विधीचे सविस्तर वर्णन आहे. आधुनिक पद्धतीशी तिची गल्लत मात्र करू नये. रक्तमोक्षणात रक्त शरीराबाहेर टाकले जाते. गाळण्याच्या पद्धतीत त्यातील नको तेवढाच अंश अडवून बाकी सारे रक्त परत दिले जाते. योगायोग असा की या नव्या विद्येच्या आरंभीही जळूच होती. अमेरिकेतील जॉन जेकब एबल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१३ च्या सुमारास कुत्र्यांचे रक्त नळ्यांतून फिरवून गाळण्याचे प्रयोग केले. तेव्हा रक्त गोठू नये म्हणून त्यांनी जळूच्या लाळेतून काढलेले द्रव्य वापरले होते. पुढे हेपारिन उपलब्ध झाल्यावर ही अडचण दूर झाली.

मनुष्यावरील पहिले कार्यक्षम यंत्र नेदरलँड्समधील कांपेन येथे १९४३ मध्ये तयार झाले. देश शत्रूच्या ताब्यात, साहित्याची टंचाई, अशा स्थितीत डॉ. विलेम कोल्फ यांनी मांसाच्या वळकट्या भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सेलोफेनच्या नळ्या फिरत्या पिंपावर गुंडाळून मूत्रपिंडाचे काम करणारे यंत्र बनविले. आरंभीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांच्या एका स्त्रीचे प्राण त्या यंत्राने वाचले. आज आपण ज्यास डायलिसिस म्हणतो, त्याचे ते मूळ रूप.

डायलिसिसमध्ये रक्तात विरघळलेली घाण निघते. पेशी निघत नाहीत. पेशी निवडून काढण्याचे यंत्र १९६० च्या दशकात अमेरिकेत तयार झाले. संगणक बनविणाऱ्या आय. बी. एम. कंपनीतील जॉर्ज जडसन या अभियंत्याच्या मुलास रक्ताचा कर्करोग झाला होता. राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. एमिल फ्रायराइक यांच्याबरोबर काम करून त्याने रक्त वेगाने फिरवून पेशी वेगळ्या करणारे यंत्र सिद्ध केले. या विद्येस अफेरेसिस म्हणतात; मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काढून घेणे असा आहे. डेंग्यूच्या साथीत एकाच दात्याकडून केवळ प्लेटलेट घेऊन बाकीचे रक्त त्यास परत दिले जाते, तो याच विद्येचा आपल्या परिचयाचा नमुना होय.

जपानमधील पद्धत

आतड्यांच्या दाहासाठी या विद्येचा उपयोग प्रामुख्याने जपानने केला. तेथे व्रणयुक्त दाह हा दुर्धर रोगांच्या शासकीय यादीत १९७० च्या दशकापासून समाविष्ट आहे. जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांना हा रोग तरुणपणापासून होता. २००७ व २०२० अशा दोन वेळा त्यांनी पद सोडले, तेव्हा त्यामागे याच रोगाची उसळी होती. रोग शांत असता मनुष्य देशाचा कारभार चालवू शकतो आणि उसळला असता त्यास आसन सोडावे लागते, याहून बोलके उदाहरण देता येणार नाही.

जपानमध्ये २००० सालापासून आरोग्य विम्याच्या कक्षेत आलेली एक पद्धत अशी आहे. अडाकॉलम या नावाचा एक पारदर्शक नळकांड्यासारखा स्तंभ असतो. त्यात सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे २ मिलिमीटर व्यासाचे सुमारे ३५,००० मणी भरलेले असतात. रुग्णास खाटेवर निजवून एका हाताच्या शिरेतून रक्त घेतात, गोठू नये म्हणून त्यात औषध मिसळतात, ते पंपाने स्तंभातून नेतात आणि दुसऱ्या हाताच्या शिरेतून परत देतात. मिनिटास ३० मिलिलिटर या गतीने ६० मिनिटे हे चालते. म्हणजे एका बैठकीत १,८०० मिलिलिटर, शरीरातील एकूण रक्ताच्या साधारण एकतृतीयांश रक्त मण्यांवरून वाहते. आरंभी आठवड्यास एक याप्रमाणे ५ बैठका देत असत. पुढे १० पर्यंत वाढविण्याची प्रथा पडली.

यास गाळणे म्हटले तरी चहाच्या गाळणीप्रमाणे हे घडत नाही. मण्यांमधील फटी पेशींपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. मण्यांच्या पृष्ठभागावर रक्तातील काही प्रथिने बसतात, आणि त्या प्रथिनांना ओळखून धरणारे आकडे ग्रॅन्युलोसाइट व मोनोसाइट पेशींच्या अंगावर असतात. म्हणून त्याच पेशी मण्यांना चिकटतात. तांबड्या पेशी आणि बहुतेक लिम्फोसाइट पुढे निघून जातात. चिकटलेल्या पेशींची जागा अस्थिमज्जेतून येणाऱ्या नव्या पेशी घेतात आणि त्या जुन्यांइतक्या चवताळलेल्या नसतात, असे या पद्धतीमागील विवेचन आहे.

दुसरा एक स्तंभ, सेलसॉर्बा, जपानमध्ये २००१ मध्ये वापरात आला. तो वेगळ्या उत्पादकाचा होता आणि त्याची रचनाही वेगळी होती. त्यात मण्यांऐवजी पॉलिएस्टरच्या अतिसूक्ष्म धाग्यांचे कापड होते. सोलापूरच्या विणकर बांधवांस हे चटकन उमगेल. चादरीत उभा धागा व आडवा धागा ठराविक रीतीने एकमेकांत गुंततात. या कापडात असे विणकाम नसते. धागे नुसते एकमेकांवर दाबून थर केलेला असतो. त्या जाळ्यात पांढऱ्या पेशी अडकतात. मण्यांच्या स्तंभाहून भेद असा की या कापडात लिम्फोसाइट व प्लेटलेटही बऱ्याच प्रमाणात अडकत असत.

गुण किती, भ्रम किती

या पद्धतीची जमेची बाजू स्पष्ट आहे. तिच्यात प्रतिकारशक्ती दडपणारे औषध शरीरात जात नाही. उपद्रव बहुधा किरकोळ असतात: डोके दुखणे, चक्कर, मळमळ, किंचित ताप, सुई टोचल्याजागी दुखणे. म्हणूनच वृद्ध, मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या बाबतीतही तिचा उपयोग करण्यात आला आहे. क्षय जेथे घरोघरी दबा धरून आहे अशा देशात ही बाब आकर्षक वाटल्यावाचून राहत नाही.

परंतु सुरक्षित असणे वेगळे आणि गुणकारी असणे वेगळे. जपानी डॉक्टरांचा अनुभव उत्साहवर्धक होता. तेथे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आठवड्यातून दोनदा बैठका दिलेल्या रुग्णांपैकी शेकडा ७१ आणि एकदाच दिलेल्यांपैकी शेकडा ५४ रुग्णांचा रोग शमला. पहिल्या गटास त्यासाठी सरासरी १५ दिवस लागले, दुसऱ्यास २८. या अभ्यासात दोन्ही गटांस खरा उपचार मिळालेला होता. उपचारच न मिळालेल्या रुग्णांशी त्यात तुलना नव्हती.

ती तुलना उत्तर अमेरिकेत झाली. १६८ रुग्णांवरील या चाचणीत काहींचे रक्त खरोखरच स्तंभातून नेण्यात आले. इतरांस तसाच देखावा करून, प्रत्यक्ष गाळण न करता, तितकाच वेळ यंत्राशी बसविण्यात आले. कोणास काय मिळाले हे रुग्णांस कळणार नाही अशी व्यवस्था होती. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. खऱ्या उपचाराने शेकडा १७ रुग्णांचा रोग शमला, देखाव्याने शेकडा ११. हा फरक इतका अल्प होता की तो निव्वळ योगायोगाचाही असू शकेल, असे संख्याशास्त्र सांगते. क्रोन्स व्याधीवर अशीच चाचणी २३५ रुग्णांवर झाली व २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत खऱ्या व देखाव्याच्या उपचारात काहीच लक्षणीय फरक दिसला नाही.

दोन देशांच्या अनुभवात इतकी तफावत का, याची कारणे अनेक संभवतात. जपानमधील रुग्णांना हा उपचार बहुधा रोगाच्या आरंभीच्या काळात मिळत असे. अमेरिकेतील कित्येक रुग्ण अनेक औषधे निष्फळ ठरल्यानंतर त्याकडे वळलेले होते. आणखी एक कारण अधिक मूलभूत आहे. हा रोग स्वभावतःच चढउताराचा आहे. एक तास परिचारिकेच्या देखरेखीखाली शांत पडून राहणे, कोणीतरी आपल्यासाठी मोठे यंत्र चालवीत आहे ही भावना, यांनीही काही रुग्णांना बरे वाटते. म्हणूनच देखाव्याच्या गटातही शंभरांत ११ जण सुधारले. यंत्र जितके मोठे, तितका हा भ्रम मोठा असण्याचा संभव असतो. सोलापुरात काय किंवा टोकियोत काय, मनुष्यस्वभाव एकच.

तात्पर्य, व्रणयुक्त दाहाच्या निवडक रुग्णांत, विशेषतः ज्यांना स्टेरॉइड सोडवत नाही व अन्य औषधे चालत नाहीत अशांत, अनुभवी तज्ज्ञाच्या सल्ल्याने विचारात घेण्याजोगा हा एक पर्याय आहे. रोग मुळासकट उपटून टाकणारा तो उपाय नाही. रक्तशुद्धीच्या नावाखाली कोणी सर्व रोगांवर अशा यंत्राची जाहिरात करीत असेल, तर त्यापासून दूर राहणेच श्रेयस्कर. ज्या रुग्णास तीव्र रक्तक्षय, गंभीर हृदयविकार किंवा जंतुसंसर्ग आहे, त्यास ही पद्धत अपायकारकही ठरू शकते.

सोलापूरच्या दृष्टीने

सोलापूर हे केवळ एका जिल्ह्याचे ठिकाण नाही. धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडील विजयपूर, कलबुर्गी या भागांतील रुग्णही येथे येतात. १९६३ मध्ये स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यास संलग्न असलेले, लोकांच्या तोंडी सिव्हिल म्हणून रुळलेले, श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हा या साऱ्यांचा मोठा आधार आहे. राज्य शासनाने २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या ८ जिल्ह्यांत प्रथम सुरू केली, त्यांत सोलापूरचा समावेश होता. २०१७ पासून ही योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, आणि २०२३ मध्ये शासनाने तिचे विमासंरक्षण कुटुंबामागे वर्षास ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा निर्णय घेतला. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी डायलिसिसचा लाभ या योजनेत आहे, आणि केंद्र शासनाचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही २०१६ पासून आहे.

डायलिसिस आणि आतड्याच्या दाहावरील रक्तगाळण यांतील भेद येथे ध्यानी घेण्यासारखा आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णास डायलिसिस मिळाले नाही, तर तो जगत नाही. आतड्याच्या दाहात तशी स्थिती नाही. एकदा वापरलेला स्तंभ पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे प्रत्येक बैठकीस नवा खर्च असतो. तेव्हा उपलब्ध पैसा व मनुष्यबळ प्रथम कोठे लावावे, या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही. शौचाची वेळीच तपासणी, दुर्बिणीद्वारे आतड्याची पाहणी, क्षयाची शहानिशा, मेसालामीनच्या गोळ्यांचा अखंड पुरवठा, आणि स्टेरॉइडांची मोजून-मापून दिलेली मात्रा, एवढ्या गोष्टी तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्या, तर ज्या अवस्थेत रक्त गाळण्याचा विचार करावा लागतो त्या अवस्थेस पोहोचणाऱ्या रुग्णांची संख्याच घटेल.

रुग्णाने व कुटुंबीयांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

शौचावाटे रक्त वा आव पडण्याची तक्रार तीन-चार आठवड्यांहून अधिक टिकली, तर स्वतःच्या मनाने औषध घेणे थांबवून तपासणी करून घ्यावी. दिवसातून ६ किंवा अधिक वेळा रक्ती जुलाब होत असतील आणि त्यासोबत ताप असेल, किंवा नाडीचे ठोके मिनिटास ९० हून अधिक पडत असतील, तर ती तीव्र उसळी समजावी व रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. अशा वेळी उशीर झाल्यास आतडे फुगून फुटण्याचा धोका असतो. त्या टप्प्यावर शस्त्रक्रिया करून मोठे आतडे काढून टाकणे हा प्राण वाचविणारा उपाय ठरतो. त्यास पराभव मानू नये.

बरे वाटू लागले म्हणून मेसालामीनच्या गोळ्या परस्पर सोडू नयेत, आणि स्टेरॉइड एकाएकी बंद करू नये. मागावर उभे राहून कंबर दुखते म्हणून वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवय कामगारांत आढळते; अशा अनेक गोळ्यांनी हा रोग उसळू शकतो. क्रोन्स व्याधीच्या रुग्णाने विडी व सिगारेट कायमची सोडली पाहिजे, कारण धूम्रपानाने ही व्याधी निश्चितपणे बळावते. रोग उसळलेला असता कडक भाकरी, शेंगांची तिखट चटणी व कच्च्या भाज्या यांना विश्रांती देऊन मऊ भात, वरण, दही असे पचेल ते घ्यावे. रोग शमल्यावर मात्र ज्वारीची भाकरी व नेहमीचा आहार पुन्हा सुरू करण्यास सहसा हरकत नसते. कायमची पथ्ये पाळून शरीर खंगविण्यात लाभ नाही.

तरुण मुलीस हा रोग असल्यास तिचे लग्न व्हावयाचे कसे, मूल व्हावयाचे कसे, अशी चिंता घरात सुरू होते. रोग शांत असताना गर्भधारणा झाल्यास बहुसंख्य स्त्रियांची बाळंतपणे सुखरूप पार पडतात. औषधे बंद करून गर्भारपणात रोग उसळू देणे हेच अधिक धोक्याचे असते. हा रोग स्पर्शाने पसरत नाही, म्हणून रुग्णाचे ताट वेगळे करण्याचे कारण नाही. ज्यांचे मोठे आतडे विस्तृत प्रमाणात रोगग्रस्त आहे, त्यांनी ८ ते १० वर्षांनंतर ठराविक काळाने दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. दीर्घकालीन दाहातून कर्करोग उद्भवण्याची शक्यता असते आणि तो आरंभीच सापडल्यास बरा करता येतो.

यंत्रमागाच्या पाळीत, विडीच्या कारखान्यात, शाळेच्या वर्गात अशा रुग्णास वारंवार उठून जावे लागते. मुकादमाने किंवा शिक्षकाने त्यास कामचुकार न समजता तेवढी मोकळीक द्यावी, आणि जवळ स्वच्छ शौचालय असेल अशी व्यवस्था करावी. यासाठी कोणत्याही स्तंभाची अथवा पंपाची गरज नाही. जी मुलगी वर्ग सुटेपर्यंत दात-ओठ आवळून बसते, तिला न विचारता बाहेर जाण्याची मुभा देणे हे कोणत्याही शाळेस उद्यापासून करता येण्याजोगे आहे.